दोष क्रमांक २७२६

संगणकावर नवी प्रणाली बसवली, की पुढच्या वेळी तो सुरू होताना कधीकधी पडद्यावर एखादा इशारा झळकतो. काम तर नीट चालते, पण इशारा दर वेळी येतो. अशा वेळी कोणी घाबरून सगळे पुन्हा बसवतात, कोणी दुर्लक्ष करतात. कारण शोधायला फारसे कोणी जात नाही. शोधले तर काय हाती लागू शकते, याचे एक उदाहरण आपण पाहू.

१९९१ साली विंडोज ही स्वतंत्र प्रणाली नव्हती. आधी डॉस सुरू करायचे आणि मग त्यावर विंडोज चालवायचे. बाजारात मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसचा वरचष्मा होता; पण डिजिटल रिसर्च कंपनीचे डीआर-डॉसही तेच काम करत असे. त्या वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टने विंडोज ३.१ ची चाचणी-आवृत्ती परीक्षकांना दिली. ती डीआर-डॉसवर सुरू केली, की इशारा येई : घातक नसलेला दोष आढळला, क्रमांक २७२६, बाहेर पडण्यासाठी एंटर दाबा, पुढे जाण्यासाठी सी. सी दाबले की काम पुढे चालू होई.

मग दोष होता कुठे? बाकी सर्व तेच ठेवून फक्त डॉस बदलले, की इशारा येतो किंवा जातो, एवढे प्रयोगाने कळते. पण का, हे कळायला आज्ञावलीच उघडून पाहावी लागते. एप्रिल १९९२ मध्ये जॉफ चॅपेल यांनी ती तपासली. तपासणीचा भाग सांकेतिक रूपात दडवलेला होता, आणि त्याचा माग काढणाऱ्या साधनांना चकवण्याची सोयही त्यात होती. हा भाग डॉसच्या स्मृतीतील काही अंतर्गत तक्त्यांची मांडणी पाहत असे. ही मांडणी कोणत्याही अधिकृत पुस्तिकेत दिलेली नव्हती. उत्तर बरोबर, पण वहीतला समास ठरावीक जागी नाही म्हणून शेरा मारावा, तसा हा प्रकार! एप्रिलमध्येच विक्रीला आलेल्या आवृत्तीत हा भाग तसाच होता; फक्त इशारा बंद केलेला होता.

सप्टेंबर १९९३ मध्ये अँड्र्यू शुलमन यांनी ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ या मासिकात हे सविस्तर मांडले. विंडोज डॉसच्या अंतरंगाशी घट्ट बांधलेले आहे, म्हणून परक्या डॉसबद्दल सावध करणे योग्यच, अशी मायक्रोसॉफ्टची बाजू होती. ती अगदीच निराधार नव्हती. पण मग इशाऱ्यात तसे स्पष्ट का लिहिले नाही, आणि तपासणी लपवली का?

१९९६ मध्ये डीआर-डॉसचे हक्क घेतलेल्या कॅल्डेरा कंपनीने दावा लावला. त्यात कंपनीतील अंतर्गत पत्रे उघड झाली. ग्राहक अस्वस्थ व्हावा, त्याने डीआर-डॉसवर संशय घ्यावा आणि एमएस-डॉस विकत घ्यावे, असा हेतू एका पत्रात स्पष्ट लिहिलेला होता. जानेवारी २००० मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने सुमारे २८ कोटी डॉलर दिल्याचे २००९ मध्ये समजले.

म्हणून प्रत्येक इशाऱ्यामागे डाव असतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बहुतेक इशारे प्रामाणिक असतात. पण इशारा हेही कोणीतरी लिहिलेले एक विधानच असते. शाळेच्या संगणकावर असा इशारा आला, तर विद्यार्थ्यांना तो शब्दशः वहीत उतरवून घेऊ द्यावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि इशारा नेमके काय तपासून आला हे विचारावे.