पाचवीचा नंबर : अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या क्रॉस कंट्रीची गोष्ट

क्रॉस कंट्री हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळा-कॉलेजच्या क्रीडास्पर्धांमुळे ऐकलेला असतो. ट्रॅक नाही, स्टेडियम नाही. माळ, चढ, गवत, चिखल, आणि त्यावरून एकदम सुटलेली शे-दोनशे पोरं. आजचा भाग या खेळाच्या एका कोपऱ्याबद्दल आहे: अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या मुलींचं क्रॉस कंट्री. मला हा इतिहास आवडतो, कारण तो धावण्याचा जेवढा आहे तेवढाच मोजण्याचाही आहे. कोणाला मोजलं, कोणाला नाही, आणि मोजायचा हक्क कोणाकडे होता.

आधी गुण कसे देतात ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. प्रत्येक संघाच्या सात मुली धावतात. पहिल्या आलेल्या मुलीला १ गुण, दहाव्या आलेल्या मुलीला १०. संघातल्या पहिल्या पाचजणींच्या नंबरांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, तो संघ जिंकला. पहिले पाचही नंबर एकाच संघाचे आले तर बेरीज १५. त्याहून कमी शक्यच नाही. सहावी आणि सातवी बेरजेत धरत नाहीत, पण त्या फुकट धावत नाहीत हं! त्या समोरच्या संघाच्या पाचवीच्या पुढे आल्या तर तिचा नंबर मागे ढकलला जातो आणि त्यांची बेरीज फुगते.

याचा परिणाम काय होतो बघा. तुमची स्टार धावपटू अर्ध्या मिनिटाने जिंकली काय किंवा एका ढांगेने जिंकली काय, गुण एकच. पण मधल्या गर्दीत, जिथे दर सेकंदाला दोन-तीन मुली रेषा ओलांडतात, तिथे तुमची पाचवी मुलगी पाच सेकंद ढेपाळली की दहा-पंधरा गुण गेले. म्हणजे विजेतेपद बहुतेक वेळा त्या मुलीच्या पायात असतं, जिचा फोटो कोणी काढत नाही. खो-खोत शेवटच्या तुकडीतल्या पोरीने काढलेले दहा सेकंद जसे सामना फिरवतात, तसंच काहीसं.

आता इतिहास. अमेरिकेत पुरुषांची राष्ट्रीय कॉलेज क्रॉस कंट्री स्पर्धा एनसीएए या संस्थेने १९३८ साली मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला सुरू केली. मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९७५ साली. सदतीस वर्षांचं अंतर! त्यामागे एक जुनी समजूत होती, की बायकांना लांब पल्ला झेपत नाही. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली, जर्मनीच्या लीना राडकेने ती जिंकली. नऊच्या नऊ मुलींनी शर्यत पूर्ण केली, पण वर्तमानपत्रांनी बायका धडाधड कोसळल्याची वर्णनं छापली. त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर परत आली ती थेट १९६० साली, रोमला. माझ्या मते खेळाच्या बातमीदारीने केलेल्या नुकसानांत याचा नंबर फार वरचा लागेल.

या रिकाम्या काळात मुली धावतच नव्हत्या असं नाही. डोरिस ब्राउनचंच उदाहरण घ्या. वॉशिंग्टन राज्यातली मुलगी. तिच्या शाळेच्या ट्रॅकवर मुलींना धावायला बंदी होती. पुढे सिएटल पॅसिफिक या छोट्या कॉलेजात ती मुलांबरोबर सराव करायची. आणि १९६७ ते १९७१, ओळीने पाच वर्षं, तिने आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकली. पहिली वेल्समधल्या बॅरीला. सलग पाच वेळा जगात पहिली, आणि तिच्या देशात कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा अजून जन्मालाच यायची होती. जिद्दीची कमतरता नव्हती हो. मोजणारं कोणी नव्हतं.

२३ जून १९७२ ला टायटल नाईन हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. मूळ कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही. पण त्याचा सगळ्यात मोठा धक्का बसला तो मैदानांवर. त्याच सुमाराला बायकांनी चालवलेली एक संघटना उभी राहिली, एआयएडब्ल्यू. तिने मुलींच्या कॉलेज स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये आयोवातल्या एम्स गावी पहिली राष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यत घेतली. जिंकलं यजमान आयोवा स्टेट विद्यापीठ. मग पुढची तीन वर्षंही तेच जिंकले. मक्याच्या शेतांच्या मुलुखातलं विद्यापीठ, आणि ओळीने चार राष्ट्रीय विजेतेपदं.

१९७९ आणि १९८० ला पाळी आली नॉर्थ कॅरोलिना स्टेटची. दोन्ही वर्षी वैयक्तिक पहिली त्यांचीच ज्युली शे. हिची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या विभागात, म्हणजे एसीसीत, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला एक पुरस्कार देतात. तिकडे बास्केटबॉल आणि फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. त्या पुरस्कारावर १९८० आणि १९८१, दोन्ही वर्षी नाव लागलं ज्युली शेचं. तो मिळवणारी ती पहिली बाई.

आणि इथेच गाडी वळण घेते. १९८१ मध्ये एनसीएएने ठरवलं की मुलींच्या स्पर्धा आता आपणही घ्यायच्या. त्यांच्याकडे पैसा होता, टीव्ही होता, संघांचा प्रवासखर्च उचलायची ताकद होती. त्या वर्षी एकाच मोसमात दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. एनसीएएची कॅन्ससमधल्या विचिटाला, ती व्हर्जिनियाने जिंकली. एआयएडब्ल्यूची जिंकली आयोवा स्टेटने. देशात एका वर्षात दोन विजेते! एआयएडब्ल्यू कोर्टात गेली, हरली आणि संपली.

यात भलं झालं की वाईट, यावर तिकडे अजून वाद होतात. मला विचाराल तर दोन्ही झालं. मुलींना बरी साधनं मिळाली, मोठी स्पर्धा मिळाली. पण १९७२ साली मुलींच्या कॉलेज संघांचे नव्वद टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक बायका होत्या, ते प्रमाण पुढे निम्म्याच्याही खाली आलं. शिवाय एनसीएएच्या विक्रमांच्या वहीत मुलींचं पहिलं पान १९८१ चं. त्याआधीचं सगळं दुसऱ्याच्या वहीत. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कने बास्केटबॉलमध्ये गुणांचा एनसीएए विक्रम मोडला, तेव्हा हेच भूत वर आलं होतं. तिच्याआधी कॅन्ससच्या लिनेट वुडर्डने एआयएडब्ल्यूच्या काळात ३,६४९ गुण केले होते, जे त्या विक्रमात धरलेच नव्हते.

आयोवा स्टेटकडे परत येऊ. २५ नोव्हेंबर १९८५. मिलवॉकीला एनसीएएची राष्ट्रीय शर्यत झाली. विस्कॉन्सिन पहिलं, आयोवा स्टेट दुसरं. विद्यापीठाची तीन छोटी विमानं परत निघाली. हवा खराब होती, पंखांवर बर्फ धरत होता. दोन विमानं उतरली, तिसरं दे मॉईन शहरात एका वस्तीत कोसळलं. सातही जण गेले. प्रशिक्षक रॉन रेन्को, त्यांचे सहायक, संघाची शुश्रूषा करणारी विद्यार्थिनी, वैमानिक, आणि ज्युली रोझ, सुझन बॅक्स्टर व शेरिल मास या तीन धावपटू. देशात दुसरं येऊन परत निघालेला संघ घरी अर्धाच पोचला. यावर जास्त बोलवत नाही मला.

पुढचा काळ भराभर सांगते. १९८९ ते १९९४ ओळीने सहा वेळा व्हिलानोव्हा जिंकलं. त्यातली दोन वर्षं वैयक्तिक पहिली होती आयर्लंडची सोनिया ओ'सलिव्हन, पुढे ५,००० मीटरची जगज्जेती. अंतर मात्र हळूहळूच वाढलं. मुलांची राष्ट्रीय शर्यत १० किलोमीटर, मुलींची सुरुवातीला ५, आणि २००० पासून ६. जागतिक क्रॉस कंट्रीत २०१७ साली कंपालाला बायका-पुरुषांचं अंतर सारखं, १० किलोमीटर झालं. कॉलेजातला तो चार किलोमीटरचा फरक बघितला की मला १९२८ चे बातमीदार आठवतात.

आणि चुरस? राष्ट्रीय शर्यतीत आता २५५ मुली धावतात. २०१६ साली इंडियानातल्या टेरा होटला ओरेगनची बेरीज आली १२५, मिशिगनची १२६. एका गुणाने विजेतेपद. योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर २०२३ ला शार्लट्सव्हिलला पुन्हा तेच: नॉर्थ कॅरोलिना स्टेट १२३, नॉर्दर्न ॲरिझोना १२४. मोजणीतल्या पाचांपैकी एकीने शेवटच्या चढावर एकच मुलगी जास्त गाठली असती तर बरोबरी.

२०२३ चं ते विजेतेपद नॉर्थ कॅरोलिना स्टेटचं ओळीने तिसरं. त्या वर्षापर्यंत एनसीएएच्या यादीत त्यांची विजेतेपदं तीनच होती. ज्युली शेच्या काळातली दोन तिथे नाहीत, कारण ती एआयएडब्ल्यूची. आयोवा स्टेटच्या मुलींनी १९७५ ते १९७८ ची चार आणि १९८१ चं एक अशी पाच विजेतेपदं मिळवली. एनसीएएच्या यादीत त्यांचं एकही नाही.