पहिले अठ्ठावीस दिवस

परवा मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. जेवणं झाल्यावर बायकांच्या घोळक्यात नेहमीचे विषय निघाले आणि कुणीतरी होणाऱ्या नवरीला म्हणालं, "दिवस गेले की ग्रहण मात्र पाळ हो!" सगळ्या हसल्या. माझी धाकटी मावशी तेवढी उठून आत गेली.

का गेली ते आम्हा मोठ्यांना ठाऊक आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पाठीवर मोठा फुगा घेऊन जन्माला आलं. पाय हलत नव्हते, मग डोक्यात पाणी साठत गेलं, आणि दोन महिन्यांत ते गेलं. ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती म्हणून असं झालं, असा निकाल घरानं लावून टाकला. मावशीनं तो मुकाट्यानं ऐकून घेतला.

घरी आल्यावर झोप येईना, म्हणून याच आजाराचा इतिहास वाचत बसले. वाचता वाचता धागा थेट परळला पोचला!

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरीब गरोदर बायकांना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्यांना, एक जीवघेणा पंडुरोग होत असे. परळच्या हाफकिन संस्थेत ती त्यावर काम करू लागली. या बायकांच्या जेवणात भाज्या-फळं फार कमी, हे तिच्या लक्षात आलं. तिनं त्यांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, देऊन पाहिला आणि बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिनं हे छापलं. त्यात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून ते फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूनं ते प्रयोगशाळेत तयार केलं. विल्सबाईंनी शोधलेलं औषध ते हेच.

पण याचा बाळाच्या मणक्याशी काय संबंध? गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका सपाट पट्टीसारखे असतात. सुरळीच्या वडीसारखी ती पट्टी वळते आणि तिची नळी होते. वरचं टोक मिटलं नाही तर मेंदू आणि कवटी नीट बनत नाहीत, आणि ते बाळ जगत नाही. खाली कुठे उघडं राहिलं तर तो स्पायना बायफिडा: पायांत ताकद नाही, लघवी-शीवर ताबा नाही, बरेचदा डोक्यात पाणी. आज शस्त्रक्रियेनं अशी कितीतरी मुलं मोठी होतात, पण वाट खडतरच.

१९६५ मध्ये इंग्लंडमध्ये हिबार्ड आणि स्मिथेल्स यांनी फॉलिक ॲसिडच्या कमतरतेवर बोट ठेवलं. अनेकांना पटेना. शेवटी सात देशांतल्या तेहेतीस केंद्रांवर मोठी चाचणी झाली. आधी असं मूल झालेल्या आयांना गर्भ राहण्याच्या आधीपासून गोळी दिली. गोळी घेणाऱ्यांत ६ बाळांना दोष आढळला, न घेणाऱ्यांत २१ बाळांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. हे साल १९९१. म्हणजे परळच्या त्या प्रयोगांनंतर तब्बल साठ वर्षं! १९९८ पासून अमेरिकेत पिठातच फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं झालं.

आता खरी मेख. ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून दोन आठवडेच झालेले असतात, आणि बऱ्याच जणींना काही कळलेलंही नसतं. आपल्याकडे तर तीन महिने कुणाला सांगायचं नाही. मग डॉक्टरकडे जायचं आणि मग गोळ्या. रक्तवाढीसाठी त्या हव्यातच, पण नळीसाठी उशीर झालेला असतो. म्हणून सर्वसाधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने घ्यायची असते. आधीचं असं मूल, मधुमेह किंवा फिट्सचं काही औषध, विशेषतः व्हॅलप्रोएट, चालू असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना विचारायचं. मनानं औषध बंद मात्र करायचं नाही.

एक मात्र सांगते. ग्रहणाच्या जागी आता गोळी बसवून आईला पुन्हा पिंजऱ्यात उभं करू नका. गोळी घेऊनही काही बाळांत हा दोष येतो. आणि मावशीच्या वेळी तर हे कुणी सांगणारंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, ग्रहण लागलं तेव्हा मला पाचवा महिना होता."

असो. होणाऱ्या नवरीलाही फोन केला आहे. ग्रहणाचं नाव काढलं नाही, गोळीचं तेवढं सांगितलं.