मुळांसाठी आखलेले मुक्कामतळ

निजण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, म्हणजेच कॅम्पर व्हॅन, घेऊन राष्ट्रीय उद्यानांतून सहकुटुंब हिंडण्याची प्रथा अमेरिकेत चांगलीच रुळली आहे. तेथील मुक्कामतळांची ठेवण मात्र प्रवाशांच्या सोयीइतकीच झाडांच्या काळजीतून घडली आहे.

1908 साली फोर्डची मॉडेल टी मोटार बाजारात आली, 1913 मध्ये योसेमिटी आणि 1915 मध्ये यलोस्टोन ही उद्याने मोटारींना खुली झाली, आणि रेल्वे, घोडागाडी व हॉटेल यांचा खर्च पेलणारे मोजके लोक जेथे जात तेथे सामान्य कुटुंबे तंबू, भांडीकुंडी गाडीत घालून पोहोचू लागली. रस्ता सोडून कुरणात, नदीकाठी किंवा एखाद्या प्रचंड वृक्षाखाली, जेथे मन रमेल तेथे गाडी उभी करण्याची तेव्हा पुष्कळ मोकळीक होती, आणि त्यामुळे ज्या जागा सर्वांत रमणीय त्याच सर्वांत आधी उजाड होऊ लागल्या.

या ऱ्हासाचे मर्म ओळखणारे ई. पी. माइनेके हे सरकारी सेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. रेडवुड हे जगातील सर्वांत उंच वाढणारे वृक्ष असले तरी त्यांची मुळे फार खोल जात नाहीत. पर्यटकांच्या गर्दीचा कॅलिफोर्नियातील रेडवुड उद्यानांवर होणारा परिणाम तपासून माइनेके यांनी 1928 च्या अहवालात दाखवले की पायांनी व चाकांनी दाबली गेलेली माती घट्ट होते, तीत हवा-पाणी नीट शिरत नाही आणि वरच्या थरातली पोषक मुळे गुदमरतात. वृक्ष वरून हिरवागार दिसत असतानाच ही हानी सुरू झालेली असते, ही त्यांची जाणीव फार मोलाची आहे.

1932 मध्ये त्यांनी मांडलेल्या धोरणात गाड्यांसाठी एकेरी वळसा-रस्ता, त्याला तिरके फुटणारे आखूड फाटे, चाके बाहेर जाऊ नयेत म्हणून कडेला ओंडके वा मोठे दगड, एका जागी पक्की बसवलेली चूल व मेज, आणि दोन बिऱ्हाडांमध्ये राखलेली झुडपे अशी रचना होती. चूल हलली की जमिनीचा नवा तुकडा जळतो, म्हणून ती पक्की असावी, असा त्यामागचा विचार होता. 1933 पासून 1942 पर्यंत सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या योजनेतील बेरोजगार तरुणांनी देशभर असे तळ उभारले. पुढच्या काळात मोटारीमागे ओढायच्या निवासी गाड्या लांबल्या तसे फाटेही लांबले, पण मूळ आखणी टिकली.

अशाच निवासी गाड्यांसाठी महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर अतिशय पातळ असल्याने येथे रस्ता, फाटे आणि दगडांची कड ही आखणी पहिली गाडी पोहोचण्याआधी झाली पाहिजे.