टॉर्चला पत्ता कशाला हवा?



मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांच्या नव्या फोनमध्ये सगळी अ‍ॅप्स मीच टाकून दिली. परवानगीची चौकट आली की बाबा विचारायचे, "काय म्हणतंय रे?" मी "काही नाही" म्हणत 'होय' दाबून मोकळा. आणि मी स्वतः सॉफ्टवेअरवाला! परतीच्या विमानात ते खुपत राहिलं, कारण या चौकटीचा इतिहास मला ठाऊक होता.

२००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर होता, स्क्रीन आडवी-उभी वळवायला. २००८ मध्ये जीपीएस आलं, २०१० मध्ये जायरोस्कोप. एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅलस्डेअर अ‍ॅलन आणि पीट वॉर्डन यांनी दाखवून दिलं की आयफोन आपल्या फिरण्याची कित्येक महिन्यांची नोंद एका कुलूप नसलेल्या फाइलमध्ये ठेवतोय. अ‍ॅपलचं म्हणणं, ही तर आसपासच्या टॉवर आणि वाय-फायची यादी. तरी पुढच्याच महिन्यात दुरुस्ती आली.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' या अँड्रॉइड अ‍ॅपच्या कंपनीला धरलं. आरोप असा, की हा साधा टॉर्च ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांना पाठवत होता. तेही माणसाने 'हो-नाही' दाबण्याआधीच!

त्यानंतर २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि परवानगी अ‍ॅप टाकताना एकगठ्ठा न मागता वापराच्या वेळी मागितली जाऊ लागली. पण ठिकाण, कॅमेरा, माइक अशा काही ठरावीक गोष्टींचीच. २०१४ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इस्रायली सहकाऱ्यांबरोबर दाखवलं होतं की जायरोस्कोपच्या थरथरीवरून बोलणं काही प्रमाणात ओळखता येतं. त्याला परवानगी लागतच नव्हती. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने, खास परवानगी जाहीर न करणाऱ्या अ‍ॅप्ससाठी, या सेन्सरचा वेग सेकंदाला २०० नोंदींपर्यंत आणला. आपल्याला मात्र तेव्हाही कोणी विचारलं नाही.

थोडक्यात काय, प्रत्येक वेळी बाहेरच्या कुणीतरी चोरवाट शोधली आणि मग दार लागलं. चौकट दिसते म्हणजे सगळं विचारलं जातं, असं नाही. आणि विचारलेलंही आपण वाचत नाही.

गेल्या रविवारी बाबांना फोन केला. दोघांनी मिळून सेटिंग्ज उघडली. तासभर गेला. टॉर्चचं अ‍ॅप काढलं, हवामानाला 'फक्त वापरताना' ठेवलं. या वेळी प्रत्येक चौकट बाबांनीच मोठ्याने वाचली, आणि बोटही त्यांनीच दाबलं.

तुम्हीही करून बघा.

आपला,
एक आयटी हमाल