डायनॅमोवर ठोकलेले आकडे

‘काय गं, पीएचडी कशावर करतेस?’ असं मोहन्यात कोणी विचारलं की मी सांगते, जुन्या मोटारींच्या डायनॅमोवर. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे इंजिनिअरिंग?’ नाही, इतिहास. तो कसा, ते आज सांगते.

डायनॅमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं नळकांडं. १९६० च्या दशकात जगभर त्याची जागा अल्टरनेटर घ्यायला लागला. (आपल्या कल्याणजवळ प्रीमियरनं बनवलेली प्यूजो ३०९ ही त्या नंतरच्या जमान्यातली, म्हणून माझ्या कामाबाहेर.) मला रस आहे तो १९४५ ते १९७० च्या गाड्यांत. तेव्हा प्रत्येक गाडी आपल्या मूळ देशाची वीज सोबत घेऊन यायची. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी १९४४ ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या गेल्या, त्यांत अमेरिकन ऑटोलाइट. नंतर फियाट आली, तिच्याबरोबर इटलीची मारेली. हिंदुस्थान मोटर्सचं घराणं मॉरिसचं, म्हणून तिथे लुकास. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स डेल्को-रेमी वापरायची.

मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारचं धोरण ठरलं: नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भाग इथे बनवायचा कार्यक्रम दाखवा. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. उरलेल्यांना एकेक भाग देशी करत जावं लागलं. १९६१ मध्ये मद्रासची लुकास-टीव्हीएस उभी राहिली. हे सगळं पुस्तकात सापडतं. पण अमुक गाडीत परदेशी डायनॅमो जाऊन देशी कधी आला, हे तो नगच सांगतो. म्हणून मी चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात वाकून वाकून आकडे वाचत असते.

वाचायचे कसे? आधी रॉकेल आणि मऊ फडकं. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नको, आकडे उथळ असतात. लुकासच्या नळकांड्यावर मॉडेल, पार्ट नंबर आणि तारखेचे आकडे थेट पत्र्यात ठोकलेले असतात: महिना किंवा आठवडा, आणि साल. सी३९ दिसलं तर जास्तीत जास्त १९ अँपिअर, सी४० असेल तर २२. अमेरिकन नगांवर रिव्हेट मारलेली छोटी पट्टी असते आणि ऑटोलाइटचा जनरेटर असेल तर नंबरची सुरुवात ‘जी’ अक्षराने होते. पट्टी पडली असेल तर रिव्हेटची भोकं तरी शोधा.

हे ओळखणं फक्त आमच्यासारख्या कागद जमवणाऱ्यांचं वेड नाही. लुकासमध्ये फील्ड कॉइलचं एक टोक आतच बॉडीला अर्थ असतं आणि रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला, ‘एफ’ला, करंट पुरवतो. डेल्को-रेमीत बहुधा उलटं: फील्ड आत आर्मेचरला जोडलेली आणि रेग्युलेटर तिला अर्थ देतो. बाहेरून दोन्ही नळकांडी सारखीच. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लावलात तर चार्जिंग धड होणारच नाही. त्यात ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ, फियाटमध्ये निगेटिव्ह; जुन्या अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. दुरुस्तीनंतर डायनॅमोला ध्रुव ‘शिकवावा’ लागतो. लुकासमध्ये ‘एफ’ला बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श. डेल्को पद्धतीत रेग्युलेटरवरच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांत क्षणभर तार टेकवायची. अदलाबदल केली तर नुकसान ठरलेलं.

बाकी दुरुस्ती हाताची आहे. कॉम्युटेटर लेथवर हलका घ्यायचा, पट्ट्यांमधलं अभ्रक थोडं खाली कोरायचं, बुश आणि कार्बन बदलायचे, आर्मेचर शॉर्ट असेल तर पुन्हा भरून घ्यायचं. लुकासची तपासणी मला फार आवडते: पट्टा काढा, ‘डी’ आणि ‘एफ’ एकत्र जोडून बॅटरी द्या. नग ठीक असेल तर तो मोटारीसारखा स्वतःच फिरायला लागतो.

अडचण अशी की आर्मेचर भरणं वेळखाऊ आहे आणि अल्टरनेटर झटपट बसतो. आता तर डायनॅमोसारख्याच दिसणाऱ्या नळकांड्यात लपवलेला अल्टरनेटरही मिळतो. रोज गाडी चालवणाऱ्याला मी दोष देणार नाही, दिवे नीट लागायला हवेतच. पण काढलेला डायनॅमो तांब्याच्या भावानं जातो. २००९ मध्ये बंद पडलेल्या एनआरसीच्या गावात राहणाऱ्यांना वजनकाट्यावर काय काय जातं ते मी सांगायला नको.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. गाडी मूळ रूपात हवी, पण त्या व्याख्येत नावं आहेत चासी, बॉडी आणि इंजिनाची. डायनॅमो त्यात येत नाही. माझ्या मते नियमातली ही फट मोठी आहे, कारण रंग पुन्हा देता येतो, ठोकलेली तारीख पुन्हा देता येत नाही.

तेव्हा आजोबांची फियाट किंवा लँडमास्टर गॅरेजला देणार असाल तर आधी चार फोटो काढा: नळकांड्यावरचे आकडे, मागची दोन टोकं, रेग्युलेटरवरचा नंबर आणि बॅटरीची कुठली तार बॉडीला गेली आहे ते. मेकॅनिकला सांगा, आकड्यांवर रंग मारू नका. आणि जुना नग बदललाच, तर तो डिकीत ठेवून द्या.