चुंबकीय भोवरे आणि त्यांना रोखणारे दोष

अतिसंवाहक पदार्थ पुरेसा थंड केला की त्याचा विद्युत्‌रोध शून्य होतो, हे शालेय पाठ्यपुस्तकातील विधान खरे असले तरी अपुरे आहे. त्याच पदार्थाची पट्टी शक्तिशाली चुंबकासाठी गुंडाळली आणि तिच्यातून मोठा प्रवाह सोडला, तर तापमान मर्यादेच्या बरेच खाली असूनही रोध पुन्हा डोके वर काढतो. याला कारणीभूत असतात पदार्थात शिरलेले चुंबकीय भोवरे. त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवणे हा अतिसंवाहकांच्या व्यवहारातील उपयोगाचा कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पदार्थ निर्दोष करण्यात नसून त्यात मोजूनमापून दोष पेरण्यात आहे.

१९८६ मध्ये बेडनॉर्ट्‌झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधली. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे ऑक्साइड सुमारे उणे १८१ अंश सेल्सिअसला अतिसंवाहक होते असे आढळले. या पदार्थाचा उल्लेख ‘वायबीसीओ’ असा केला जातो. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन त्याला पुरतो, आणि हा नायट्रोजन दुर्मीळ नाही. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. तारा लवकरच बाजारात येतील, अशी तेव्हाची अपेक्षा होती. ती लांबली, त्यात भोवऱ्यांचा वाटा मोठा होता.

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावांत राहणाऱ्यांना पावसाळी पाण्यातील भोवरा नवा नाही. पाण्याचे भोवरे मात्र लहानमोठे असतात. अतिसंवाहकातील सर्व भोवरे एकाच मापाचे. अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे गणिताने मांडले व त्यांना २००३ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रत्येक भोवऱ्यातून चुंबकीय स्रोताचा एकच ठरावीक अंश जातो. क्षेत्र वाढले की भोवरे मोठे होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. एक टेस्ला क्षेत्रात एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४८ कोटी भोवरे मावतात आणि दोन शेजाऱ्यांतील अंतर ५० नॅनोमीटरच्या आसपास असते.

प्रवाह सुरू झाला की तो भोवऱ्यांना आडवे ढकलतो. ते सरकू लागले की ऊर्जा खर्च होते, उष्णता निर्माण होते आणि शून्य रोधाचा लाभ हातचा जातो. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिसंवाहकता नष्ट झालेली असते व त्यासाठी ऊर्जेची किंमत मोजावी लागते. पदार्थात आधीच एखादी अतिसंवाहक नसलेली जागा असेल, तर तेथे बसणाऱ्या भोवऱ्याची ही किंमत वाचते. म्हणून तो तेथे अडकतो, ओढीच्या पाण्यात होडी खुंटाला अडकावी तसा. गाभ्याचा व्यास अवघा काही नॅनोमीटर असल्याने खुंटही त्याच मापाचा लागतो. फार मोठा दोष प्रवाहाची वाटच अडवतो.

सगळेच दोष उपकारक नसतात, हे येथे आवर्जून सांगायला हवे. दोन स्फटिककणांच्या सीमेवर त्यांची दिशा काही अंशांहून अधिक बदलली की प्रवाह झपाट्याने घटतो, हे आयबीएमच्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे ‘टीआयएफआर’मध्ये, आर. पिंटो व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लेसरच्या साहाय्याने वायबीसीओची चांदीमिश्रित पटले बनवली. चांदीमुळे कणांची मांडणी सुधारली आणि पटलांची प्रवाहक्षमता वाढली. घातक दोष कमी करण्याची ही वाट होती. उपयोगी दोष पेरण्याची वाट वेगळी.

चांगल्या पटलांत ते दोष काही प्रमाणात आपोआप असतात. थर वाढताना स्फटिकात विस्थापनांच्या उभ्या रेषा राहून जातात व भोवरे त्यांवर बसतात, हे नेदरलँड्‌समधील संशोधकांनी १९९९ मध्ये स्पष्ट केले. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, बाह्य क्षेत्र नसताना, अशी पटले दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतात. घरातील तांब्याच्या तारेत हा आकडा काही शेकड्यांतच राहतो. परंतु क्षेत्र वाढले की भोवऱ्यांची गर्दी होते आणि नैसर्गिक खुंट कमी पडतात.

जड आयनांचा मारा करून उभे मार्ग कोरण्याचा प्रयोग १९९१ मध्ये यशस्वी झाला होता. पण किलोमीटरभर लांबीची पट्टी त्वरकातून काढणे परवडणारे नव्हे. २००४ मध्ये लॉस अलामॉस व केंब्रिज येथील संशोधकांनी वायबीसीओमध्येच बेरियम झिर्कोनेट मिसळले. दोन्ही स्फटिकांच्या मापांत सुमारे नऊ टक्क्यांचा फरक असल्याने निर्माण होणारा ताण या कणांना एकावर एक रचतो आणि काही नॅनोमीटर जाडीचे उभे स्तंभ आपोआप तयार होतात. उपाय स्वस्त आणि खरोखर देखणा. त्याच वर्षी अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने सुटे नॅनोकण पेरलेले थर सादर केले. क्षेत्र स्तंभांना समांतर असताना स्तंभ प्रभावी ठरतात. कणांना दिशेचे बंधन तुलनेने कमी. म्हणून पुढे दोहोंचे मिश्रण रूढ झाले. मात्रा मात्र सांभाळावी लागते, कारण जादा मिश्रणाने अतिसंवाहकतेचे तापमानच खाली येते.

तापमानानुसार गणित बदलते. नायट्रोजनच्या उष्णतेत भोवरे थरथरतात, तेव्हा त्यांना धरायला लांब स्तंभ हवेत. उणे २५३ अंशांना बारीक कणही पुरतात. संलयन अणुभट्टीची चुंबके याच थंडीत चालवण्याचा प्रयत्न आहे. अमेरिकेत एमआयटी व कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांच्या मोठ्या चुंबकाने सप्टेंबर २०२१ मध्ये २० टेस्ला गाठले, तेही याच कुळातील पट्ट्यांच्या जोरावर.

भोवरे प्रत्यक्ष पाहण्याचे काम मुंबईतही झाले आहे. टीआयएफआरमध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने क्रमवीक्षक सुरंगन सूक्ष्मदर्शकाने भोवऱ्यांची जाळी टिपली. कोबाल्टमिश्रित नायोबियम डायसेलेनाइडमध्ये ही जाळी दोन टप्प्यांत विस्कटते, असे २०१५ मध्ये दिसून आले. २०१९ मध्ये मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पटलात वितळणाऱ्या जाळीची मधली, षट्‌कोनी दिशा टिकवणारी द्रव अवस्था आढळली. हे पदार्थ उच्च तापमानाचे नव्हेत, आणि त्यांतील खुंट मुद्दाम कमजोर निवडलेले असतात. भोवरे एकमेकांना कसे सावरतात, हे तेथेच स्वच्छ दिसते. वायबीसीओच्या पटलात प्रत्येक भोवऱ्याला स्वतंत्र खुंट देता येत नाही. मोकळे भोवरे खिळलेल्या शेजाऱ्यांच्या आधाराने किती काळ थांबतात, यावरच पट्टीची प्रवाहमर्यादा ठरते.