तिसरं ब्रूस्टर

फिनलंडच्या ब्रूस्टर लढाऊ विमानाचं मॉडेल मी तिसऱ्यांदा बनवतोय. १/४८ मापात त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर माझ्या वितीएवढे भरतात.

आधीची दोन्ही चुकली. पहिल्याच्या शेपटीकडे पिवळा पट्टा ओढला आणि पंखांवर निळं-पांढरं गोल चिन्ह चिकटवलं. देखणं झालं, पण असं विमान कधी उडालंच नाही. पिवळा पट्टा १९४१ च्या युद्धातला. सप्टेंबर १९४४ मध्ये रशियाशी शस्त्रसंधी झाली आणि तो गेला. गोल चिन्ह आलं एप्रिल १९४५ मध्ये.

दुसऱ्यावर त्याआधीचं चिन्ह होतं, पांढऱ्या वर्तुळात निळं स्वस्तिक. मी ते जर्मनांसारखं तिरकं लावलं. फिनलंडचं स्वस्तिक सरळ असायचं, आपल्याकडे उंबरठ्यावर कुंकवाने काढतात तसं. मार्च १९१८ मध्ये एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने त्यांना एक विमान भेट दिलं, त्याच्या पंखांवर हे त्याचं शुभचिन्ह होतं. हिटलरच्या पक्षाने ते घेतलं १९२० मध्ये. हा सरदार पुढे हिटलरचा साथीदार गोअरिंग याचा साडू झाला, हेही सांगायला हवं.

मी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडली, म्हणून या विमानात माझा जीव अडकला. १९३९ च्या डिसेंबरात रशियाशी झुंजणाऱ्या फिनलंडने अमेरिकेकडून ४४ ब्रूस्टर घेतली. मूळची आरमाराची ही विमानं. जहाजावर उतरताना लागणारा शेपटीचा आकडा काढून ती दिली. माझ्या मॉडेलवरूनही तो कापावा लागला. सायक्लोन इंजिनाला तेलाचा त्रास होता. तिथल्या मेकॅनिकांनी प्रत्येक सिलिंडरमधली एक पिस्टन रिंग उलटी बसवली आणि दुखणं गेलं! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. याच जातीची, पण वजनाने जड विमानं सिंगापूर आणि रंगूनवर जपान्यांपुढे टिकली नाहीत. फिनलंडात मात्र त्याचं नाव पडलं ‘आकाशाचा मोती’.

या वेळी मी विमानही एकच धरलंय आणि दिवसही एकच. बीडब्ल्यू-३७२, २५ जून १९४२. त्या दिवशी हरिकेन विमानांशी झुंजताना वैमानिक लाउरी पेकुरीने ते जंगलातल्या तळ्यावर उतरवलं, पोहत काठ गाठला आणि चालत आपल्या हद्दीत परतला. विमान तळाशी गेलं. १९९८ मध्ये वर काढलं, तेव्हाही अंगावरचा रंग टिकून होता. आज ते टिक्काकोस्कीच्या संग्रहालयात आहे आणि त्याला नव्याने रंगवलेलं नाही. म्हणूनच माझा भरवसा त्याच्यावर. वरून काळे आणि हिरवे पट्टे, पोटाला फिकट राखाडी, पंखांच्या टोकांना खालून पिवळा.

डिकलमध्ये, म्हणजे पाण्यात सोडवून चिकटवायच्या चित्रांत, स्वस्तिक दोन तुकड्यांत दिलंय. पहिला तुकडा आता वाटीतल्या पाण्यात सुटतोय. चिमटा हातात आहे, कोन गुण्याने दोनदा तपासलाय.